टायमिंग लाइट म्हणते सगळं बरोबर, तरी सेल्फ उलटा झटका देतो: खोटी ‘टी’ खूण कशी पकडायची

गाडी २०१२ ची, १५० सीसी, कार्ब्युरेटरची, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली. तक्रार अशी: सकाळी थंड इंजिनला सेल्फ दिला की मध्येच ‘खट्ट’ असा आवाज येऊन इंजिन उलटा झटका देतं. किक मारली तर पाय वर फेकला जातो. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडला की डब्यात खडे हलवल्यासारखं नॉकिंग ऐकू येतं. आणि दर सात-आठ महिन्यांनी सेल्फचा वन-वे क्लच (सेल्फ मोटरचा जोर इंजिनला एकाच दिशेने देणारा भाग) जातो. माझ्या गाडीचा दोन वर्षांत तीनदा गेला.

दर वेळी वन-वे क्लच बदलला, दोनदा सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदललं, प्लग, प्लग कॅप आणि एचटी कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी) बदलली, हेड उतरवून कार्बन काढला. प्रत्येक कामानंतर आठ-पंधरा दिवस गाडी बरी वाटायची आणि मग पहिले पाढे पंचावन्न. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगी पडते त्याच क्षणी चमकून इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकावरच्या खुणा दाखवणारा दिवा, लावून बघितली नाही असंही नाही. तीन वेगवेगळ्या हातांनी बघितली, त्यातला एक हात माझा. तिन्ही वेळा ‘एफ’ खूण (आयडलिंगला ठिणगी पडायची जागा) कव्हरवरच्या खाचेसमोर अगदी बरोबर दिसत होती. “टायमिंग परफेक्ट आहे, दादा, दुसरीकडे बघा,” असं मला सांगितलं गेलं आणि मीही ते मानलं.

दोष टायमिंगमध्येच होता. ७ अंशांचा. टायमिंग लाइटला तो दिसणं शक्यच नव्हतं. का शक्य नव्हतं, हे कळलं की हा सगळा प्रश्न सुटतो, म्हणून आधी तेवढं समजून घेऊ.

ठिणगी कधी पडायची, हे कोण ठरवतं

ठिणगी पडल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात पेटत नाही. ज्योत पसरायला काही मिलिसेकंद लागतात. सर्वांत जास्त दाब पिस्टन टीडीसी (पिस्टनची सर्वांत वरची जागा) ओलांडून साधारण १० ते १५ अंश खाली आल्यावर मिळायला हवा, म्हणजे तो कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याला) नीट ढकलतो. त्यासाठी ठिणगी टीडीसीच्या आधी पाडावी लागते आणि आरपीएम वाढेल तशी आणखी आधी. माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे १४०० आरपीएमला १० अंश आधी आणि ४००० ला २८ अंश आधी.

हा हिशेब डोक्यात बसवायला एक सूत्र पुरतं: आरपीएम गुणिले ६ म्हणजे क्रँक सेकंदाला किती अंश फिरतो. १४०० ला ८४०० अंश, ६००० ला ३६,००० अंश. म्हणजे ६००० आरपीएमला एक अंश फिरायला जेमतेम २८ मायक्रोसेकंद लागतात. एवढ्या बारीक वेळेचं भान सीडीआयला यावं म्हणून मॅग्नेटच्या बाहेरच्या कडेवर एक उंचवटा असतो आणि त्याच्यासमोर पल्सर कॉइल. उंचवट्याची पुढची कड कॉइलसमोरून गेली की एका दिशेचा व्होल्टेजचा ठोका मिळतो, मागची कड गेली की उलट दिशेचा. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू करताना सीडीआय मागच्या कडेवरच ठिणगी सोडतं आणि वेग आल्यावर पुढच्या कडेपासून वेळ मोजून हवा तेवढा ॲडव्हान्स (टीडीसीच्या जितके अंश आधी ठिणगी) देतं. (म्हणूनच पल्सर कॉइलच्या दोन वायर उलट्या जोडल्या गेल्या तर टायमिंग पार बिघडतं. हार्नेस दुरुस्त करताना कपलर बदलला असेल तर ही शक्यता आधी तपासा.)

आता मुद्दा बघा. तो उंचवटा मॅग्नेटवर आहे. ‘टी’ (टीडीसीची) आणि ‘एफ’ (ठिणगीची) या खुणाही मॅग्नेटवरच कोरलेल्या आहेत. मॅग्नेट क्रँकवर सात अंश सरकला, तर उंचवटा सात अंश सरकतो आणि त्याच्या बरोबरीने खुणाही सात अंश सरकतात. टायमिंग लाइट फक्त उंचवटा आणि खूण यांचं आपसातलं नातं दाखवते, आणि ते नातं बिघडलेलंच नसतं. पिस्टन कुठे आहे, हे लाइटला माहीतच नाही.

हेच फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना लागू आहे. तिथे मॅग्नेटवर एका उंचवट्याऐवजी दातांची रांग असते आणि एक जागा मोकळी सोडलेली असते. स्कॅनर लावला की ‘इग्निशन ॲडव्हान्स’ म्हणून अंशांत आकडा दिसतो. तो आकडा ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) ठरवलेला असतो, मोजलेला नसतो. मॅग्नेट सरकलेला असेल तर ईसीयू बिचारं चुकीच्या दातापासून अंश मोजत राहतं आणि स्क्रीनवर १० अंश दाखवत राहतं. त्या गाड्यांत आयडलिंग स्थिर ठेवायला ईसीयू स्वतःहूनही टायमिंग थोडं पुढे-मागे करतं, त्यामुळे लाइटखाली खूण दोन-चार अंश नाचताना दिसली तर घाबरू नका.

मॅग्नेट सरकतो कसा

मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो. तिथे अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी असते. पुष्कळांना वाटतं की ती चावी मॅग्नेटला धरून ठेवते. खरं तर चावी फक्त जागा दाखवते. पकड ही निमुळत्या टोकाची आणि बोल्टच्या टॉर्कची. टोकावर ऑइल राहिलं, किंवा बोल्ट अंदाजाने आवळला, की पकड अपुरी पडते आणि सगळा भार त्या इवल्याशा चावीवर येतो.

सेल्फचा जोर क्रँकला थेट मिळत नाही. सेल्फ मोटर वन-वे क्लच फिरवते, वन-वे क्लच मॅग्नेटला बोल्ट केलेला असतो आणि मॅग्नेट क्रँकला फिरवतो. म्हणजे प्रत्येक वेळी सेल्फचं बटण दाबताना मॅग्नेट क्रँकच्या पुढे पळायला बघतो. पकड ढिली असेल तर तो हळूहळू फिरण्याच्याच दिशेने पुढे सरकतो. उंचवटा लवकर येतो, ठिणगी लवकर पडते. सेल्फ इंजिनला सावकाश फिरवत असतानाच स्फोट पिस्टनला खाली, उलट दिशेने ढकलतो. तो झटका थेट वन-वे क्लचच्या रोलरवर बसतो.

आणि मग वन-वे क्लच बदलायला मॅग्नेट पुन्हा उतरवला जातो, अर्धी कापली गेलेली तीच चावी परत घातली जाते, टोक फडक्याने पुसून बोल्ट पुन्हा अंदाजाने आवळला जातो. माझ्या गाडीचा क्लच दर सात-आठ महिन्यांनी का जात होता, याचं उत्तर या चक्रात होतं. जो भाग दर वेळी बदलला जात होता तो बिघाडाचा बळी होता. बिघाड त्याच्या शेजारी, चावीत होता.

इथे एक खूणगाठ बांधून ठेवा. नुसत्या नॉकिंगला दहा कारणं असतात: साठलेला कार्बन, पातळ मिश्रण, चुकीच्या उष्णतेचा प्लग, तापलेलं इंजिन, कमी ऑक्टेनचं पेट्रोल. इथेनॉलचं प्रमाण वाढल्यावर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मिश्रण थोडं पातळ होतं, तेही एक. मी महिनाभर ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरून बघितलं. खंबाटकीतला आवाज कमी झाला, सेल्फचा झटका तसाच राहिला. नॉकिंग आणि सुरू करतानाचा उलटा झटका दोन्ही एकत्र असतील, तर आधी पेट्रोल आणि कार्ब्युरेटर बाजूला ठेवून मॅग्नेटकडे बघा.

मॅग्नेट उलट बाजूला, मागे सरकला तर चित्र वेगळं दिसतं: पिकअप मेलेला, सायलेन्सर नको इतका तापलेला, ॲव्हरेज पडलेलं, पण नॉकिंग नाही. तपासण्याची पद्धत तीच.

खरा टीडीसी शोधणं

प्लगच्या भोकात स्ट्रॉ किंवा स्क्रूड्रायव्हर घालून ‘पिस्टन वर आला’ म्हणण्यावर कृपा करून विसंबू नका. टीडीसीच्या आसपास पिस्टन जवळजवळ थांबलेला असतो. ५८ मिलिमीटरच्या आसपास स्ट्रोक असलेल्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून ५ अंश फिरला तरी पिस्टन ०.१५ मिलिमीटरसुद्धा खाली येत नाही. आपल्याला ७ अंशांची चूक शोधायची आहे आणि हाताला ५ अंश कळतच नाहीत.

उपाय आहे पिस्टन स्टॉप. जुना प्लग घ्यायचा, आतली चिनी माती फोडून काढायची आणि रिकाम्या कवचात एक बोल्ट पक्का बसवायचा, टोक घासून गोल केलेलं. माझा स्टॉप आमच्या गल्लीतल्या लेथवाल्या मामांनी करून दिला. हवा निघून जायला बोल्टमधून एक बारीक भोक पाडायला मात्र त्यांना आठवणीने सांगा. स्टॉप बसवला की पिस्टन टीडीसीच्या थोडा अलीकडे अडतो. उलट फिरवला की टीडीसीच्या तेवढाच पलीकडे अडतो. दोन्हींच्या बरोबर मधे खरा टीडीसी.

अंश वाचायला मी जुनी सीडी वापरली. ३६० अंशांचं वर्तुळ छापून सीडीवर चिकटवलं, सीडी एका सॉकेटवर चिकटवली, डाव्या कव्हरवरची मधली मोठी कॅप काढून सॉकेट मॅग्नेटच्या बोल्टवर बसवला. सॉकेट बोल्टवर किंचित हलतो, ती ढिलाई दोन-तीन अंश खाऊन टाकते. म्हणून बोल्टच्या डोक्यावर कागदी टेपचे वेढे देऊन सॉकेट घट्ट दाबून बसवला. काटा म्हणून कव्हरच्या स्क्रूखाली अडकवलेली तांब्याची तार. वरची लहान कॅप काढली की खुणा बघायची खिडकी उघडते. बऱ्याच गाड्यांत मॅग्नेट ऑइलमध्ये फिरतो, तेव्हा कॅप काढण्याआधी खाली भांडं आणि हाताशी कापड ठेवा.

इंजिन फिरवताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. सेल्फ नाही, किक नाही. गाडी डबल स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, मागचं चाक हाताने सावकाश. मॅग्नेटच्या बोल्टवर पाना लावून फिरवणं मी टाळलं, कारण डावीकडून बघता इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं आणि साध्या आट्यांचा बोल्ट त्याच दिशेने सुटतो. आपल्याला ज्या पकडीची शंका आहे, तीच मोजताना हलवायची नाही. स्टॉपला पिस्टन टेकला की थांबायचं, जोर लावायचा नाही.

आधी स्टॉप न लावता ‘टी’ खूण खाचेसमोर आणली आणि तार सीडीवरच्या शून्यावर वाकवली. मग स्टॉप लावून चाक पुढे फिरवलं: पिस्टन शून्याच्या ३१ अंश अलीकडे अडला. उलट फिरवलं: शून्याच्या ४५ अंश पलीकडे अडला. तीन वेळा केलं, आकडे अर्ध्या अंशाच्या आत तेच आले. मॅग्नेट जागेवर असता तर दोन्ही आकडे सारखे आले असते. ४५ मधून ३१ गेले १४, त्याचे निम्मे ७. ‘टी’ खूण खऱ्या टीडीसीच्या ७ अंश आधीच खाचेसमोर येत होती.

म्हणजे लाइटखाली १० अंश दिसत असताना ठिणगी १७ अंशांवर पडत होती, आणि ४००० आरपीएमला २८ ऐवजी ३५ वर. सेल्फचा झटका, किकचा झटका, घाटातला आवाज, सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यात लागला.

मॅग्नेट पुलरने काढला. हातोडी मारू नका. आतले चुंबक तडकतात आणि क्रँकही वाकू शकतो. चावी हातात घेतली तर तिच्या मधोमध पायरी पडलेली, नखाला सहज लागेल एवढी, व्हर्नियरवर साधारण १ मिलिमीटर. त्या जागी क्रँकची त्रिज्या ८ मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि ८ मिलिमीटर त्रिज्येवर १ मिलिमीटर म्हणजे ७ अंशच होतात. सीडीवरचा आकडा आणि चावीवरची पायरी एकमेकांना जुळली तेव्हा पहिल्यांदा खात्री पटली की आता खरं कारण हाताला लागलं आहे.

बसवताना काय केलं: क्रँकचं टोक आणि मॅग्नेटचं आतलं तोंड थिनरने धुऊन पूर्ण कोरडं केलं. दोन्हींवर ओरखडे होते, म्हणून चावी न घालता बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून हाताने लॅपिंग केलं (दोन्ही एकमेकांवर घासली), सगळीकडे एकसारखा राखाडी रंग दिसेपर्यंत, आणि पेस्टचा कणही राहू नये म्हणून पुन्हा दोनदा धुतलं. नवी चावी. मॅग्नेटमधली चावीची खाच रुंदावलेली नाही ना, हे नवी चावी त्यात धरून बघितलं. ती हलत असती तर मॅग्नेट बदलावा लागला असता. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळला. टॉर्क रेंच नसलेल्या ठिकाणी हे काम करून घेऊ नका, एवढी माझी विनंती आहे. मग स्टॉप लावून पुन्हा मोजलं: ३८ आणि ३८.

‘टी’ खूण खरी निघाली तर

तुमच्या गाडीत दोन्ही आकडे सारखे आले, तर मॅग्नेट निर्दोष आहे आणि आता टायमिंग लाइटवर भरवसा ठेवायला हरकत नाही. सीडी लावलेलीच आहे, तेव्हा तिच्या आधाराने मॅग्नेटच्या कडेवर १०, २० आणि ३० अंशांना पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा मारून घ्या. ११५ मिलिमीटर व्यासाच्या मॅग्नेटवर एक अंश जवळजवळ बरोबर एक मिलिमीटरचा होतो, त्यामुळे मधले अंश नजरेनेही कळतात.

लाइटची क्लॅम्प प्लगच्या वायरवर, बाण प्लगकडे. दोन प्लगच्या गाडीत दोन्ही वायरींवर वेगवेगळं बघा. गाडीच्या खऱ्या आयडलिंगला १४०० असताना लाइटवर २८०० दिसले तर लाइट बिघडलेली नाही: एका सिलिंडरच्या बहुतेक मोटरसायकलींत ठिणगी प्रत्येक फेरीला पडते, एक्झॉस्ट स्ट्रोकलाही. लाइट मात्र फोर-स्ट्रोक म्हणून दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरते. ॲडव्हान्सची डायल असलेल्या लाइटमध्ये ही चूक जास्त फसवते. अशा गाडीवर डायल दुप्पट अंश दाखवते. ५६ दिसले तर खरे २८. लाइटमध्ये टू-स्ट्रोक सेटिंग असेल तर ते लावा, नाहीतर डायल शून्यावर ठेवून रेघांवरूनच वाचा. मी रेघाच पसंत करतो.

थ्रॉटल सावकाश उघडत गेलं की खूण सलग सरकत ॲडव्हान्सकडे गेली पाहिजे. ती जागची हलतच नसेल तर सीडीआय, किंवा ज्या गाडीत कार्ब्युरेटरवर थ्रॉटल सेन्सर आहे तिथे तो सेन्सर आणि त्याचा कपलर. खूण दचकल्यासारखी उड्या मारत असेल तर पल्सर कॉइलचे स्क्रू, तिच्यातलं आणि उंचवट्यातलं अंतर, अर्थिंग, आणि प्लग. प्लगच्या नंबरात ‘आर’ हे अक्षर असतं, जसं सीपीआर८ईए-९ मध्ये. तो रेझिस्टर असलेला प्लग. त्याऐवजी बिनरेझिस्टरचा प्लग आणि तशीच कॅप बसवली तर ठिणगीचा विद्युत गोंधळ पल्सरच्या वायरीत शिरतो आणि सीडीआय भांबावतं.

थंड असताना ठीक आणि अर्ध्या तासाने मिसिंग, असं असेल तर पल्सर कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना मोजा आणि मिसिंग सुरू झाल्याबरोबर, गरम असतानाच पुन्हा मोजा. गरम झाल्यावर तांबं थोडा जास्त रेझिस्टन्स दाखवणारच. पण मल्टिमीटर एकदम ओपन दाखवू लागला तर कॉइल गेली.

स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) हाताशी असेल तर एका चॅनलवर पल्सर, दुसऱ्यावर प्लगच्या वायरीभोवती गुंडाळलेले इन्सुलेटेड वायरीचे चार-पाच वेढे. सीडीआयच्या आउटपुटला प्रोब थेट लावू नका, तिथे काहीशे व्होल्ट असतात. दोन ठोक्यांमधली वेळ गुणिले आरपीएम गुणिले ६ म्हणजे अंश: ४००० आरपीएमला अर्ध्या मिलिसेकंदाचं अंतर म्हणजे १२ अंश. उंचवट्याची पुढची कड टीडीसीच्या किती आधी येते हे माहीत असेल, तर त्यातून १२ वजा करा, ॲडव्हान्स मिळतो. पण हा हिशेबही मॅग्नेटवरच्या उंचवट्यापासूनच सुरू होतो. पिस्टन स्टॉपचं काम आधी झालेलं नसेल तर स्कोपवरचे सुंदर आलेखही टायमिंग लाइटइतकेच फसवतील.

माझ्या गाडीत ५०० किलोमीटरनंतर स्टॉप आणि सीडी पुन्हा लावून बघितली, मग २००० ला, मग वर्षाने. तिन्ही वेळा दोन्ही बाजूंचे आकडे सारखे. वन-वे क्लच तेव्हापासून तोच आहे. कापली गेलेली चावी मी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून टेपने चिकटवून ठेवली आहे. सेल्फ झटका देतो म्हणून कुणी गाडी घेऊन आलं की आधी ती पायरी त्यांना बोटाने चाचपायला देतो, आणि मग प्लग काढायला घेतो.